गंज, पाणी आणि जीर्णोद्धार

लोखंड आणि पाणी यांची मैत्री मनुष्यानें आपल्या सोयीकरितां जुळविलेली आहे; स्वभावतः तीं एकमेकांचीं मित्र नव्हेत. लोखंडाच्या भांड्यांत ज्या क्षणीं पाणी भरलें त्याच क्षणीं तें भांडें खाण्यास पाण्यानें आरंभ केला, असें समजण्यास हरकत नाहीं. पुढें जें होतें तें केवळ कालाचें गणित होय. अंगणांतील बादली, गच्चीवरची टाकी, आगगाडीच्या स्टेशनावरील उंच हौद, मुलांस पोहण्याकरितां जमिनीवर उभा केलेला पत्र्याचा तलाव, या सर्वांच्या मालकांपुढें एक दिवस एकच प्रश्न येऊन उभा राहतो : पत्रा गंजला आहे, त्यास ठिगळ लावावें, कीं तो मोडींत घालून नवा आणावा?

बादलीपुरता हा प्रश्न कासाराच्या दुकानांत घटकाभरांत सुटतो. तेथें चूक झाली तर फार तर चार पैसे वायां जातात. परंतु ज्या टाकीवर एका महानगराची तहान अवलंबून आहे ती टाकी गंजली म्हणजे हाच घरगुती प्रश्न राजकारणाचा, अर्थशास्त्राचा आणि प्रसंगीं जीवितवित्ताचा होतो. नवी टाकी बांधावी तर ती पुरी होईपर्यंत शहरानें प्यावें काय ? आणि जुनीच ठेवावी तर ती एके रात्रीं फुटणार नाहीं याची हमी कोणीं द्यावी ? या दोन भयांच्या मध्यें सांपडून मनुष्य बहुधा तिसराच मार्ग पत्करतो. म्हणजे कांहींच करीत नाहीं, किंवा गंजावर रंग देऊन मोकळा होतो.

आमच्या इतिहासग्रंथांत पायाभरणीच्या तिथी सांपडतात, उद्‌घाटनाच्या सोहळ्यांचीं वर्णनें सांपडतात, आणि वास्तु कोसळली तर तिच्या नाशाचीही नोंद सांपडते. मधल्या शंभर वर्षांत ती कोणीं झाडली, कोणीं तपासली, तिचा कोणता तुकडा केव्हां बदलला, याविषयीं मात्र बखरकार आणि इतिहासकार दोघेही सारखेच मुके असतात. दुरुस्तीला इतिहास नसतो अशी जणूं समजूत आहे. ती समजूत चुकीची आहे, हें दाखविण्यास कलकत्ता, म्हणजे आजचें कोलकाता, येथील टाला टाकीची हकीकत पुरेशी आहे.

हुगळीच्या कांठीं वसलेल्या या शहरास पाण्याचा तोटा कधींच नव्हता. तोटा होता तो स्वच्छ पाण्याचा. शहराच्या उत्तरेस पलता येथें नदीचें पाणी घेऊन, तें निवळून व गाळून, नळानें शहरांत आणण्याची व्यवस्था १८७० सालीं सुरू झाली. पाणी आलें, पण तें घरोघर चढविणें हें निराळें काम होतें. ज्या शहरास डोंगर असतो त्यास ही अडचण भासत नाहीं. डोंगरावर पाणी सांठवावें, म्हणजे तें आपल्याच भारानें उतरत खालच्या वस्तीच्या मजल्यांवर चढतें. मुंबईस मलबार टेकडी होती. तिचें काय झालें तें पुढें येईलच. कलकत्ता मात्र तळहाताप्रमाणें सपाट. निसर्गानें टेकडी दिली नाहीं म्हणून तेथील इंजिनियरांनीं पोलादाची टेकडी उभारण्याचें ठरविलें.

१९०९ सालच्या नोव्हेंबरच्या १८ तारखेस बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर सर एडवर्ड बेकर यांच्या हस्तें शहराच्या उत्तर भागांत, टाला या ठिकाणीं, या टाकीचा पाया घातला गेला, आणि १९११ सालीं ती कामास लागली. पोलादी काम इंग्लंडांतील लीड्स शहराच्या क्लेटन कंपनीनें केलें. टाकी चौरस आहे. तिची एकेक बाजू ३२१ फूट, म्हणजे तिचा तळ एक लक्ष चौरस फुटांहून थोडा अधिकच भरतो. जमिनीपासून तिची उंची सुमारें ११० फूट असून दोनशेंहून अधिक खांबांनीं तिला तोलून धरिलें आहे. तींत ९० लक्ष गॅलन, म्हणजे सुमारें चार कोटि लिटर पाणी मावतें. जगांतील अंतराळीं उभारलेल्या जलाशयांत ती सर्वांत मोठी म्हणून आजवर गणली जात आली आहे.

हे आंकडे डोळ्यांखालून सहज निसटतात. म्हणून त्यांचें वजन करून पाहूं. एक गॅलन पाणी दहा पौंड भरतें. त्या हिशेबानें भरलेल्या टाकींतील पाणी सुमारें चाळीस हजार टन होतें. टाकीस लागलेलें पोलाद सुमारें साडेआठ हजार टन. म्हणजे ही टाकी आपल्या स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ पांचपट ओझें डोक्यावर घेऊन शंभर वर्षें अहोरात्र उभी आहे. पखालीनें पाणी वाहणारा पाणक्या निदान मधून मधून पखाल रिकामी करतो. हिला ती सवड नाहीं. १९३४ सालीं बिहारच्या भूकंपानें उत्तर हिंदुस्थान हादरला तेव्हांही ती उभी राहिली. अशी वास्तु गंजूं लागली आहे असें कोणी म्हटलें, तर ऐकणाऱ्याच्या पोटांत धस्स व्हावें हें साहजिक आहे.

गंज म्हणजे काय याचा येथें थोडा विचार करणें भाग आहे; कारण रोगाचा स्वभाव ठाऊक नसेल तर औषधाचा निर्णय होऊं शकत नाहीं. लोखंड गंजण्यास पाणी व हवेंतील प्राणवायु या दोहोंचीही जरूर असते. एकटें पाणी किंवा एकटी कोरडी हवा त्याचें फारसें कांहीं करूं शकत नाहीं. क्षार त्या दोघांचे साथीदार होत. तांब्यावर चढणारा हिरवा लेप खालच्या तांब्याचें रक्षण करतो, पण लोखंडाचा गंज भुसभुशीत असल्यामुळें तो पापुद्रे धरून गळून पडतो आणि खालचें लोखंड पुन्हां उघडें करून शत्रूच्या स्वाधीन करतो. दिल्लीचा लोहस्तंभ सुमारें सोळाशें वर्षें उभा आहे हें खरें. पण त्याच्या लोखंडांत स्फुरदाचें प्रमाण अधिक असल्यानें त्यावर एक संरक्षक थर जमला आहे. गिरणींतून निघालेल्या आधुनिक पोलादास तें वरदान नाहीं.

या विषयाचा शास्त्रीय इतिहासही मनोरंजक आहे. १८२४ सालीं सर हंफ्री डेव्ही यांनीं ब्रिटिश आरमाराच्या जहाजांच्या तळास ठोकलेले तांब्याचे पत्रे समुद्राच्या पाण्यानें झिजतात यावर उपाय शोधला. तांब्यास जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडला तर समुद्र तो तुकडा खातो आणि तांबें वांचतें, हें त्यांनीं दाखविलें. शास्त्र बरोबर होतें, पण व्यवहारांत विपरीतच घडलें. तांबें झिजेनासें झालें तेव्हां त्याचा जो विषारी अंश शेवाळ व शिंपले दूर ठेवीत असे तोही नाहींसा झाला. जहाजांच्या तळांस जलचरांचीं दाट पुटें चढलीं, त्यांची गति मंदावली, आणि आरमारास तो उपाय सोडून द्यावा लागला. पुढें १८३७ सालीं फ्रान्समध्यें सोरेल यानें लोखंडावर जस्ताचा मुलामा देण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें. आमच्या घरांतील पांढऱ्या पत्र्याच्या बादल्या त्याच कृतीचें फळ होत. जस्त स्वतः आधीं मरतें आणि लोखंडास मागें ठेवतें. पण जस्त संपलें म्हणजे रक्षणही संपतें. आमच्या गृहिणी तांब्यापितळेच्या भांड्यांस वर्षांतून एकदोनदां कल्हई लावून घेत, त्यांतील धोरणही याच जातीचें होतें. वरचा थर कायमचा नाहीं, तो पुन्हां पुन्हां द्यावयाचा आहे, हें त्यांस कोणी रसायनशास्त्र न शिकवितांही ठाऊक होतें.

केंब्रिज येथील यु. आर. इव्हान्स यांनीं १९२० नंतरच्या दशकांत जें दाखविलें तें आमच्या प्रश्नास सर्वांत जवळचें आहे. पाण्याच्या थेंबाखालीं लोखंड सर्वत्र सारखें झिजत नाहीं. जेथें हवा मोकळी मिळते त्या कडांपेक्षां जेथें ती पोंचत नाहीं त्या मध्यभागीं तें अधिक विरघळतें. याचा व्यावहारिक अर्थ असा, कीं गाळाखालीं, पत्र्यांच्या जोडाच्या फटींत, गंजाच्याच पापुद्र्याखालीं, म्हणजे जेथें आपली दृष्टि जात नाहीं नेमकें तेथेंच भोंक खोल जात असतें. मोकळ्या पृष्ठभागावरचा तांबूस रंग भीतिदायक दिसतो, पण तो बहुधा वरवरचा असतो. आणि चकचकीत रंगाखालीं झांकलेला डाग निरुपद्रवी दिसतो, पण तो आरपार गेलेला असूं शकतो. गंजाच्या बाबतींत डोळ्यांवर विश्वास ठेवणारा मनुष्य दोन्हीं बाजूंनीं फसतो.

एकविसाव्या शतकाच्या आरंभीं टाला टाकीनें शंभरी गांठली तेव्हां तिची दशा अशीच होती. पत्रे ठिकठिकाणीं झिजले होते, पाणी ठिबकत होतें. नवी टाकी बांधावी असें म्हणणाराच्या पक्षीं युक्तिवादाची उणीव नव्हती. शंभर वर्षें हें पोलादास थोडें वय नव्हे. रिव्हेटांनीं पत्रे जोडण्याची कला कालबाह्य झालेली. तीं कामें करणारे हात दुर्मिळ. जुन्यास ठिगळें लावीत बसण्यापेक्षां एकदांच काय तो खर्च करावा, म्हणजे पुढच्या दोन पिढ्या निश्चिंत होतील. हा युक्तिवाद मूर्खपणाचा नव्हे; कित्येक ठिकाणीं तोच खरा असतो.

पण टाला येथें निर्णय वयावरून झाला नाहीं, तपासणीवरून झाला. तज्ज्ञांनीं टाकीचे निरनिराळे अवयव निरनिराळे मानून पाहिले. जो भाग पाण्याच्या व दमट हवेच्या रोजच्या संगतींत होता, तेथें गंजानें आपलें काम केलें होतें. परंतु ज्यांवर सर्व भार उभा, ते खांब आणि खालचा पाया शाबूत होता. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचें तर कातडी रोगट झाली होती, हाडें निरोगी होतीं. ज्याचीं हाडें निरोगी आहेत त्या रोग्यास कोणताही समंजस वैद्य स्मशानाची वाट दाखवीत नाहीं. तेव्हां टाकी न पाडतां तिचा जीर्णोद्धार करावा असें ठरलें, आणि गेल्या दशकाच्या उत्तरार्धांत तें काम हातीं घेण्यांत आलें.

आतां ज्या गोष्टीमुळें हा निर्णय अमलांत आणणें शक्य झालें ती मुद्दाम सांगितली पाहिजे, कारण या निबंधाचें सारें मर्म तींत आहे. टाला टाकी बाहेरून एक दिसत असली तरी आंतून ती चार कप्प्यांची आहे. एक कप्पा रिकामा करून धुवावा, तपासावा, दुरुस्त करावा, आणि त्या वेळीं उरलेल्या तीन कप्प्यांनीं शहरास पाणी पुरवावें, अशी योजना मूळ बांधणाऱ्यांनींच करून ठेविली होती. पहिलें पोलाद उभें राहण्यापूर्वींच, हें पोलाद एके दिवशीं बिघडणार आहे आणि त्या दिवशींही शहर तहानलेलें असणार आहे, हें त्यांनीं गृहीत धरलें होतें. १९०९ सालच्या कारागिरांनीं शंभर वर्षांनंतरच्या अपरिचित कारागिरांकरितां जागा मोकळी ठेवली होती. त्या विचारामुळेंच कप्प्यामागून कप्पा घेऊन झिजलेले पत्रे बदलतां आले, आंतून नवा संरक्षक लेप देतां आला, आणि शहराचा नळ कायमचा बंद ठेवावा लागला नाहीं. भव्यतेबद्दल ही टाकी प्रसिद्ध आहे. तिची खरी थोरवी आम्हांस तिच्या या आंतल्या भिंतींत दिसते. दुरुस्ती करावी कीं नाहीं हा प्रश्न शंभराव्या वर्षीं विचारला जातो, पण त्याचें अर्धें उत्तर पहिल्याच वर्षीं दिलें गेलेलें असतें.

याच्या उलट उदाहरण पाहावयाचें असेल तर अटलांटिक ओलांडून अमेरिकेंतील बॉस्टन शहरीं जावें लागेल. टाला टाकी उभी राहिल्यानंतर चारच वर्षांनीं, १९१५ सालीं, तेथें एका मद्यार्क बनविणाऱ्या कंपनीनें काकवी सांठविण्याकरितां ५० फूट उंच व ९० फूट व्यासाची पोलादी टाकी बांधली. बांधणी घाईची होती. अशी टाकी वापरण्यापूर्वीं ती पाण्यानें कांठोकांठ भरून पाहावयाची असते. येथें तळाशीं जेमतेम सहा इंच पाणी घालून तेवढ्यावर समाधान मानण्यांत आलें. टाकी आरंभापासूनच सांध्यांतून पाझरत होती. इतकी, कीं शेजारच्या गरीब वस्तींतील मुलें गळणारी काकवी डब्यांत भरून घरीं नेत. लोकांनीं तक्रारी केल्या. कंपनीनें सांधे बुजविले आणि टाकीस तपकिरी रंग दिला. म्हणजे त्याच रंगाची काकवी ओघळली तरी ती डोळ्यांस दिसेनाशी झाली.

१९१९ सालच्या जानेवारीच्या १५ तारखेस भर दुपारीं ती टाकी फुटली. सुमारें २३ लक्ष अमेरिकन गॅलन काकवीची लाट रस्त्यांवरून धांवली. घरें पायांवरून सरकलीं, उंचावरून जाणाऱ्या आगगाडीच्या मार्गाचे लोखंडी आधार वांकले, २१ माणसें मेलीं आणि दीडशेंच्या सुमारास जखमी झालीं. कंपनीनें कोणा अराजकवाद्यानें बॉम्ब टाकला असें म्हणून पाहिलें. परंतु दीर्घ चौकशीअंतीं १९२५ सालीं दोष टाकीच्या दुबळ्या बांधणीचाच ठरला आणि कंपनीस नुकसानभरपाई द्यावी लागली. येथें गंज हा मूळ अपराधी नव्हता, पत्रे मुळांतच पातळ होते, हें न्यायाकरितां सांगितलें पाहिजे. पण म्हणूनच हें उदाहरण बोधप्रद आहे. टाला येथें हाडें बळकट आणि कातडी रोगट होती. बॉस्टनला कातडी नवी आणि हाडेंच दुबळीं होतीं. पहिलीचें वय शंभर, दुसरीचें चार. वयावरून निर्णय करणारानें पहिली पाडली असती आणि दुसरी ठेवली असती.

बॉस्टनच्या टाकीस दुरुस्ती पुरली नसती. ती पाडून जाड पत्र्याची दुसरी बांधणें हाच धर्म्य मार्ग होता. तेव्हां आम्ही सरसकट जुन्याचे पक्षपाती आहों असा कोणी ग्रह करून घेऊं नये. कलकत्त्यांतच याचें दुसरें प्रमाण आहे. हुगळीवर १८७४ सालीं ब्रॅडफर्ड लेस्ली यांनीं तरत्या नावांवर आधारलेला पूल बांधला. जहाजें जाऊं देण्याकरितां त्याचा मधला भाग काढून घ्यावा लागे, आणि तेवढा वेळ दोन्हीं कांठांची रहदारी खोळंबे. तो पूल कितीही उत्तम दुरुस्त केला असता तरी वाढलेल्या शहराची गरज त्यानें भागली नसती. म्हणून १९४३ सालीं त्याच्या जागीं आजचा हावडा पूल आला. येथें वस्तु झिजली म्हणून नव्हे, तर गरज तिला ओलांडून पुढें गेली म्हणून ती बदलली. हें कारण प्रामाणिक आहे. पण तें उघड बोलून दाखवावें, त्यावर जीर्णतेचा खोटा मुखवटा घालूं नये.

आतां मुंबईच्या टेकडीकडे वळूं. मलबार टेकडीवरील जलाशय एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकांतला. त्यावर माती पसरून केलेली फिरोजशहा मेहता बाग मुंबईकरांच्या चांगल्या परिचयाची आहे. पण आपण ज्या हिरवळीवर बसून दाणे खातों तिच्या खालीं दक्षिण मुंबईचें पाणी सांठलेलें आहे, याचें भान तेथें फिरणाऱ्यांपैकीं थोड्यांसच असतें. या जलाशयांत सुमारें १४ कोटि ७० लक्ष लिटर पाणी मावतें, म्हणजे टालाच्या तिपटीहून अधिक. तो पोलादाचा नव्हे आणि अंतराळींही नव्हे. पण प्रश्न तोच. २०२३ सालीं हा जुना जलाशय मोडून नवा बांधण्याची, सुमारें ६९८ कोटि रुपयांची योजना पुढें आली. तींत बागेंतील ३८९ झाडांवर गंडांतर येत होतें. नागरिकांनीं हरकत घेतली, आणि तज्ज्ञांची समिति नेमण्यांत आली.

समितीनें जलाशयाचे भाग रिकामे करून आंत उतरून पाहिलें. मतें एकसारखीं पडलीं नाहींत. दुरुस्ती पुरेशी आहे असें कित्येकांचें म्हणणें, तर दुरुस्तीच्या काळांत शहरास पाणी कमी पडूं नये म्हणून निदान एक जादा लहान टाकी हवी असें दुसऱ्यांचें. मतभेद झाला यांत वाईट कांहीं नाहीं; अंधारांत एकमत होण्यापेक्षां दिवा लावून मतभेद होणें पुष्कळ बरें. पुढें रुरकीच्या तंत्रविद्यापीठाचेंही मत घेण्यांत आलें, आणि २०२४ सालीं नव्या बांधणीची योजना मागें पडून दुरुस्तीचा मार्ग मान्य झाला. येथेंही वाद मिटविला तो भावनेनें नव्हे, तर टाकी रिकामी करून आंत शिरणाऱ्यांनीं. झाडांवर प्रेम करणाऱ्यांचा हट्ट आणि पाण्याची काळजी वाहणाऱ्यांची भीति, या दोन्हीं गोष्टी आपापल्या जागीं आदरणीय होत्या. पण भिंतीची बळकटी त्या दोहोंपैकीं एकीनेंही सिद्ध झाली नसती.

या चार हकीकतींवरून गच्चीवरच्या टाकीपासून शहराच्या जलाशयापर्यंत सर्वत्र लागू पडतील असे कांहीं प्रश्न निघतात. पहिला, गंजानें धरलें आहे तें आवरण कीं आधार ? पत्रा गेला तर पत्रा बदलतां येतो. ज्या कड्यांवर, तुळयांवर किंवा पायांवर तो पत्रा उभा आहे तीं जर पोंखरलीं असतील तर ठिगळ म्हणजे आत्मवंचना. दुसरा, झीज एका जागीं आहे कीं सर्वत्र ? एका जागची असेल तर ती जागा कापून नवा तुकडा बसवावा. सर्वत्र पत्रा कागदासारखा झाला असेल तर आज एक भोंक बुजविलें म्हणजे उद्यां शेजारीं दुसरें पडेल, आणि अशा दहा दुरुस्त्यांचा खर्च एका नव्या टाकीइतका होईल. तिसरा, ज्या कारणानें गंज चढला तें कारण दूर झालें काय ? ओल तशीच राहिली, क्षार तसाच राहिला, तर नवी टाकीही जुनीच्या वाटेनें जाईल. चौथा, वस्तु अद्याप आपल्या गरजेइतकी आहे काय ? आणि पांचवा, जो बहुधा सर्वांत शेवटीं आठवतो : काम चालू असतां पाणी कोठून यावयाचें ?

या प्रश्नांची उत्तरें टाकी रिकामी केल्यावांचून, गाळ उपसल्यावांचून आणि हातोडीनें पत्रा ठोकून पाहिल्यावांचून मिळत नाहींत. तें काम घाणेरडें आहे व त्यांत मान नाहीं. नव्या टाकीवर नांवाची शिला बसवितां येते. जुन्या टाकीच्या बदललेल्या पत्र्यावर कोणाचेंही नांव कोरलें जात नाहीं. सार्वजनिक कामांत नव्याचा मोह इतका प्रबळ कां असतो याचें एक कारण या शिलेंत आहे. दुसरें कारण असें, कीं दुरुस्तीचा खर्च दरवर्षीं मागावा लागतो आणि दरवर्षीं तो कापला जातो. मग वर्षानुवर्षें न दिलेल्या लहान रकमा गंजाच्या रूपानें सांठत जातात, आणि अखेर त्या एकदम एका अवाढव्य रकमेच्या रूपानें वसूल होतात.

ग्रीक लोकांत थीसियसच्या जहाजाची एक कूट कथा आहे. त्या जहाजाची एकेक कुजलेली फळी अथेन्सवासी बदलीत गेले. सर्व फळ्या बदलल्यावर तें जहाज तेंच राहिलें काय, असा तत्त्ववेत्त्यांचा वाद. आमच्या पूर्वजांनीं हा वाद फारसा घातला नाहीं. त्यांनीं त्यास जीर्णोद्धार असें नांव दिलें, आणि नवें देऊळ किंवा नवा तलाव बांधण्याच्या पुण्याबरोबरच जुन्याच्या उद्धाराचेंही पुण्य गणलें. अहल्याबाई होळकरांची कीर्ति आज काशीपासून रामेश्वरापर्यंत आहे ती नव्या बांधकामांइतकीच जुन्या घाटांच्या, विहिरींच्या व देवळांच्या उद्धारामुळेंही आहे. ज्या समाजानें दुरुस्तीस पुण्यकर्मांत स्थान दिलें त्या समाजास तिच्याकरितां दरसालच्या अंदाजपत्रकांत एक रकाना राखून ठेवणें जड वाटूं नये.

टालाच्या टाकींत आज जे पत्रे आहेत ते सारे १९११ सालचे नव्हेत. आणि आज घातलेला लेपही कायमचा नव्हे. आणखी कांहीं वर्षांनीं कोणीतरी पुन्हां एक कप्पा रिकामा करील, कंदील घेऊन आंत उतरेल आणि पत्रा ठोकून पाहील. त्याच्या कानीं खणखणीत आवाज येईल कीं बद्द, हें आज आम्हीं राखलेल्या निगेवर अवलंबून आहे. तोपर्यंत उरलेल्या तीन कप्प्यांतून शहरास पाणी मिळत राहील.